डमी गिऱ्हाईक

आमच्या भागातल्या घरांबद्दल मला विचारा! कुठल्या इमारतीत दुपारी तीनला पाणी जातं, कुठल्या जिन्याची सातवी पायरी हलते, कुठला म्हातारा गच्चीची किल्ली उशीखाली घेऊन झोपतो, सगळं मला तोंडपाठ! माझ्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली छापलंयच, 'या भागातलं मला ठाऊक नाही असं काही नाही.' बायको म्हणते, "स्वतःच्या घरातला गॅस संपलेला तेवढा ठाऊक नसतो!" असो.

आमच्या दलालीच्या धंद्यात एक युक्ती असते. गिऱ्हाईक 'विचार करून सांगतो' म्हणालं, की समजायचं, गेलं हातचं. म्हणून घर दाखवताना मी दुसरं एक गिऱ्हाईक हजर ठेवतो. खोटं! ते चार भिंती बघतं, मान डोलावतं आणि खऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतं, "आम्हाला पसंत आहे." मग खरं गिऱ्हाईक घायकुतीला येतं. हे काम माझा मेहुणा करतो. गेल्या वर्षात त्यानं अकरा घरं पसंत केली. स्वतः अजून वडिलांकडेच राहतो!

त्या शनिवारी नेमकी त्याची दाढ सुजली. गाल असा फुगला होता, की लोक घर सोडून त्यालाच बघत बसले असते. आणि दाखवायचं घर कुठलं? तर कोपऱ्यावरच्या इमारतीतलं, दुसऱ्या मजल्यावरचं. चौदा वर्षांचा होईपर्यंत मी जिथं राहिलो, तेच!

भाड्यानं राहायचो आम्ही. मालकानं ते विकायला काढलं तेव्हा एक दलाल रोज माणसं घेऊन यायचा, आणि आई स्वयंपाकघरात भिंतीला चिकटून उभी राहायची. तिला कुणी काही विचारायचं नाही. मी तेव्हाच ठरवलं, मोठेपणी घर सोडणाऱ्यांत नाही, घर दाखवणाऱ्यांत राहायचं. माझी पार्श्वभूमी म्हणाल तर ती एवढीच.

"आता डमी कुठून आणू?" मी बायकोला विचारत होतो, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "मी येते की!"

डॉक्टरकडे जायला जिला तीनदा हाका माराव्या लागतात, ती दहा मिनिटांत ठेवणीतले कपडे घालून, पर्स घेऊन दारात!

"आई, एकच वाक्य म्हणायचं. 'आम्हाला पसंत आहे.' बाकी तोंड उघडायचं नाही. आणि मी तुझा मुलगा नाही."

"बरं हो, साहेब!"

घराचे मालक म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर. आमच्यानंतर तिसऱ्या हातानं त्यांच्याकडे घर आलेलं, त्यामुळे ओळख निघायची भीती नव्हती. खरं गिऱ्हाईक म्हणजे एक नवं जोडपं. ती शाळेत बाई, त्याचं चष्म्याचं दुकान.

आत शिरताच आईनं न बघता दारामागे हात घातला आणि दिवा लावला.

"कमाल आहे! मला अजून चाचपडावं लागतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"फार घरं पाहिलीयेत त्यांनी!" मी सावरलं.

आई थेट स्वयंपाकघरात. मागोमाग आमची वरात.

"ती खिडकी तेवढी सोडा हो," पोस्टमास्तर ओरडले, "सहा वर्षं उघडलेली नाही. सुतारानं हात टेकले!"

आईनं वर डावा हात ठेवला, खालच्या कोपऱ्यात गुडघा हाणला. खाट्! खिडकी सताड उघडी! मग ती तिथंच उभी राहिली. हलेचना.

"आजी, काय बघताय एवढं?" शाळेतल्या बाईंनी विचारलं.

"वळण. इथून आमचे हे दिसायचे. वळणावर सायकलची घंटी वाजवायचे, की मी चहा टाकायचे. वर येईपर्यंत उकळी!"

"म्हणजे यांच्या आधीच्या घराला अस्संच वळण होतं!" मी घाम पुसत म्हणालो.

"इथं उभं राहिलं ना, की वाटतं आत्ता वळतील," आई म्हणाली.

मी जोरात खोकलो. वाक्य! वाक्य! आईला आठवलं. ती वळली आणि हळूच म्हणाली, "आम्हाला पसंत आहे."

मेहुण्याच्या तोंडून हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलंय. पण असं नाही. 

जोडपं कुजबुजलं. युक्ती लागू पडली! चष्मेवाला पुढे आला.

"आम्ही माघार घेतो."

"काय?"

"आजींचा जीव जडलाय घरावर. आम्हाला काय, दुसरं मिळेल."

"मी तेच म्हणणार होतो!" पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. "आजी, घर तुम्हालाच. बोला, केव्हा येता राहायला?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. सगळं विसरून म्हणाली, "घेऊ या ना रे?"

साडेतीनशे कुटुंबांना घरं मिळवून दिलेला मी! ते घर घेण्याची माझी सात जन्मांत ऐपत नव्हती.

"नाही गं जमणार, आई."

तिघं एकदम ओरडले, "आई?"

मग काय, सगळं कबूल करावं लागलं. पोस्टमास्तरांनी माझं कार्ड काढून ती ओळ मोठ्यानं वाचली. दोनदा! चष्मेवाला दाराकडे निघालासुद्धा. पण बाई खिडकीपाशीच थांबल्या होत्या.

"घर आम्ही घेतो," त्या म्हणाल्या. "पण ही खिडकी आमच्याच्यानं उघडायची नाही. आजींनी यायला हवं."

तीन महिने झाले. दर शनिवारी बाईंचा फोन येतो, "खिडकी अडकली हो!" की आई पर्स घेऊन तयार. परवा मला उपकार फेडायची हुक्की आली. न कळवता भागातला सगळ्यात हुशार सुतार घेऊन गेलो. बाईंनी मला दारातच अडवलं.

"अहो, खिडकी पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतली आम्ही! एका बोटानं उघडते. आजी यायच्या आधी मी फटीत कागदाची घडी कोंबते. त्यांना सांगू नका!"

घरी आलो. आई वाटच बघत होती.

"सूनबाई म्हणाली, सुतार घेऊन गेला होतास? अरे, कागद कोंबते ती. मला पहिल्याच शनिवारी दिसला. मी आपली गुडघा हाणते आणि कागद हळूच पर्समध्ये टाकते. तिला सांगू नकोस हं!"

मी तिच्या शेजारी बसलो. मग विचारलं, "वळणावर कुणी दिसतं का गं?"

"कोण दिसणार? पण मी तिथं उभी राहिले, की ती पोरगी चहा टाकते. घंटी न वाजताच."

व्हिजिटिंग कार्डं नवी छापायला टाकलीयेत. नावाखाली आता फक्त फोन नंबर आहे!