आजाऱ्यांचा रस्सा

दोन दिवस झाले, बोन्फान्तेबाबांनी जेवणाला नावं ठेवली नव्हती. मठाचा आचारी ओनोफ्रिओ त्यामुळेच घाबरला होता. एरवी हा म्हातारा संन्यासी घासाघासाला कुरकुरायचा आणि ओनोफ्रिओ मनातल्या मनात त्याला शिव्या घालायचा. आता बाबा आजारघरात नुसते थरथरत पडले होते. अंगातली ऊब चालली होती, तेव्हा काहीतरी उष्ण पोटात जायला हवं होतं. मठात मांस खायची परवानगी फक्त आजाऱ्यांना. ओनोफ्रिओने कोंबडा कापला आणि बदाम, आलं, केशर घालून रस्सा चढवला.

वास थेट प्रार्थनाघरात शिरला. दुपारपर्यंत आजारघराच्या सगळ्या खाटा भरल्या आणि बाबांपर्यंत पोचायच्या आत पातेलं कोरडं झालं.

संध्याकाळी मठाधिपती तणतणत स्वयंपाकघरात आले. "अरे, प्रार्थनेला मी आणि तो बहिरा इलारिओ! गायचं कुणी?"

"मी काय करू महाराज? एकच कोंबडा उरलाय. तोही ह्या मेल्यांनी गिळला, तर बाबा हातचे जातील हो!"

"मग बरं कर त्या सगळ्यांना!" म्हणत मठाधिपतींनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि ते निघून गेले.

उरलेल्या कोंबड्याचा रस्सा तयार झाल्यावर ओनोफ्रिओ पातेलं झाकून आजारघरात शिरला. पहिल्याच खाटेवर धट्टाकट्टा मानफ्रेदो कण्हत होता.

"काय होतंय रे तुला?"

"अंग नुसतं भाजतंय!"

"अरेरे! मग हा रस्सा तुला विषच. उष्णावर उष्ण चालत नाही. तू काकडी खा. वाइन बंद."

मानफ्रेदो ताडकन उठून बसला. "भाजतंय कुठं? थंडी वाजतेय मला!"

"असं होय! मग रस्साच हवा तुला. पण आधी पोट साफ पाहिजे. जुलाब देतो, वर मोहरीचा लेप. जळवाही आहेत."

"मला वाटतं उतरली थंडी," मानफ्रेदो पुटपुटला. पाठोपाठ सगळ्यांचीच उतरली. एकदोघे तर चपला तिथेच टाकून पळाले आणि थोड्याच वेळात प्रार्थनाघरातून दणदणीत गाणं ऐकू आलं.

कोपऱ्यात एकजण तेवढा डोक्यावरून पांघरूण घेऊन उरला होता. जुलाबाचं नाव काढूनही हलला नाही, म्हणजे खरंच आजारी असणार, अशी दया येऊन ओनोफ्रिओने त्यालाही वाटी दिली. मग बाबांना टेकवून बसवलं आणि चमचा तोंडाशी नेला. बाबांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"आलं जास्त झालंय," बाबा म्हणाले. "गाढवा, तुला स्वयंपाक शिकवला तरी कुणी?"

ओनोफ्रिओचे डोळे भरून आले. "वाचले! देवा, बाबा वाचले!"

"आलं बरोबर आहे," कोपऱ्यातल्या पांघरुणातून मठाधिपतींचा आवाज आला आणि पाठोपाठ रिकामी वाटी. "केशर कमी पडलंय."