आमच्या बाजूची माणसं

ओल्सनसाहेबांनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला. नोकरी स्टोअरकीपरची होती, तेव्हा मला वाटलं पाइपांच्या मापांबद्दल विचारतील. साहेब म्हणाले, "तुझ्या जिल्ह्यातून मोठी माणसं किती निघाली?"

मी रत्नागिरीचा. असल्या प्रश्नाला मागे हटलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. "चाळीस तरी असतील," मी ठोकून दिलं. साहेबांनी खिशातून काळी वही काढली, कोऱ्या पानावर 'रत्नागिरी' लिहिलं आणि पेन्सिल रोखून म्हणाले, "नावं?"

घ्या! एक बॅरिस्टर झाला, एक बोटीचा कप्तान झाला, एक गवई झाला, आणि चौथ्याला माझी गाडी अडली. नाइलाजानं मी हुसेनमामूला पुढं केलं.

"यांनी काय केलं?"

"मी जन्मलो त्या दिवशी खाडीला उधाण होतं साहेब. तशात होडी घालून मामू पलीकडच्या गावातनं सुईण घेऊन आला."

साहेबांनी मामूला लिहून घेतलं. मग विचारलं, "सुईणीचं नाव?"

आता सुईणीचं नाव कोण लक्षात ठेवतं? मी तसं म्हटलं, तर साहेब लालबुंद झाले. "तिनं तुला जगात आणलं आणि तुला तिचं नाव ठाऊक नाही? आजच घरी पत्र लिही." नोकरी मिळाली ती या अटीवर.

ही सगळी साठ सालानंतरची दुबई. तेल अजून निघायचं होतं. आज जिथं गोदामाला गोदाम लागलंय त्या अल क्वोजला तेव्हा वाळूशिवाय काही नव्हतं. आमची कंपनी पाण्यासाठी बोअर मारायची आणि साहेब त्या कामावरचे मुख्य. साहेबांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

साहेब स्वीडनचे, डालस्लांड नावाच्या खेडवळ भागातले. त्यांच्या बोलण्यावरून तिथं जंगल, तळी आणि थंडी एवढंच असावं. पण माणसं! जगात कुठं काही चांगलं झालं की त्यामागं डालस्लांडचा माणूस असायचाच. रेडिओवर बाई गायला लागली की तिच्या गुरूचा गुरू "आमच्या बाजूचा". मी बिडी पेटवली की आगपेटी उलटी करून दाखवायचे. ही पेटी बनवणाऱ्या मशीनचा फिटर, तोही आमच्या बाजूचा! एकदा बोअरला गोडं पाणी लागलं. शेखांचा माणूस बघायला आला. साहेबांनी त्याला पाण्याबद्दल अवाक्षर न सांगता त्यांच्याकडच्या एका पंपवाल्याची कथा तोडक्यामोडक्या अरबीत अर्धा तास ऐकवली. तो बिचारा उन्हात उभा राहून "माशाल्ला, माशाल्ला" करत होता.

आमचा खानसामा दाऊदभाय रायगडचा, जिभेला हाड नाही. तव्यावर मासा टाकून ओरडायचा, "साहेब, ही सुरमईपण तुमच्याच बाजूची काय?" साहेब गंभीरपणे सांगायचे, "नाही. ही इथलीच."

आईचं उत्तर दीड महिन्यानं बोटीनं आलं. तिनं मौलवीसाहेबांकडून लिहवून घेतलं होतं, 'गंगू सुईण. तुझ्या साहेबाला दुसरं काम नाही का?' यातलं दुसरं वाक्य मी वाचलंच नाही. साहेबांनी गंगूचं नाव बॅरिस्टरच्याही वर लिहिलं. तिथं जागा नव्हती, तर बारीक अक्षरात कोंबलं. मी मनात म्हटलं, अल्ला, कुठल्या येड्याच्या हाताखाली आणून टाकलंस मला!

पण साहेबांचा जीव अडकला होता तो एका पुस्तकात. त्यांच्या भागातली मंडळी तिकडच्या थोर माणसांचं पुस्तक काढत होती. साहेबांनी सदतीस नावं पाठवली होती. छत्तीस मान्य झाली आणि सदतिसाव्यावर घोडं अडलं. दर बोटीच्या टपालानं साहेब कमिटीला पत्र धाडायचे आणि पाकिटाला गोंद लावताना म्हणायचे, "या खेपेला मानतील." असं दोन वर्षं चाललं.

ते नाव कुणाचं, हे साहेब सांगत नसत. आम्हाला सांगायची गरजही नव्हती. "म्हातारा स्वतःलाच घुसवतोय कादिरभाय," दाऊदभाय डोळा मिचकावून म्हणायचा. मलाही तेच वाटायचं. एकदा तर मी तोंडावर विचारलं, "साहेब, सोबत फोटो पाठवलात ना? टाय लावून काढलेला?" साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

पुस्तक एका सकाळी आलं. माझ्याच टेबलावर साहेबांनी पार्सलची दोरी सोडली आणि थेट शेवटची नावांची यादी काढली. बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं. मग पुस्तक मिटून ते पाइपांच्या ढिगावर जाऊन बसले.

"खलास?" मी विचारलं. "तुमचं नाव नाही घातलं?"

"माझं?" साहेब खरोखर गोंधळले. "माझं कशाला? मी काय केलंय? जमिनीला भोकं पाडली."

"मग कुणाचं?"

"आना ब्रिताचं. माझ्या आईचं. ती सुईण होती." साहेब जमिनीकडे बघत बोलत होते. "या पुस्तकातले चौघं तिच्या हातावर जन्मले. बर्फातून मैलोनमैल जायची, मला शेजारणीकडे ठेवून. कमिटी म्हणते, सुईणी घ्यायच्या तर पुस्तक कधी संपायचंच नाही." मग म्हणाले, "ती गेली तेव्हा मी इथं बोअरवर होतो. तार मिळाली तोवर तिला पुरून आठ दिवस झाले होते. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी तिच्यासाठी करीन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मी या माणसाची टिंगल करत होतो. स्वतःच्या सुईणीचं नाव ठाऊक नसलेला मी!

मी त्यांच्याकडे वही मागितली. रत्नागिरीचं पान काढलं. गंगू सुईण, बॅरिस्टर, कप्तान, गवई, हुसेनमामू. पुढची पस्तीस नावं मी अजून द्यायचीच होती. गंगूच्या शेजारी, समासात, मी मराठीत लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"आना ब्रिता ओल्सन, सुईण."

साहेब नियमाचे पक्के. "पण हे पान रत्नागिरीचं आहे," ते म्हणाले.

"असू दे. आजपासून ती आमच्या बाजूची."

साहेब त्या अक्षरांकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. "कमिटी मानेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"रत्नागिरीची कमिटी मीच आहे साहेब," मी म्हटलं. "मानली."