मौनाच्या कवींचा मुक्काम

मौनाचे कवी म्हणून ज्यांचा सगळीकडे डंका होता, ते गृहस्थ शिवणाच्या खोलीत लोळत अखंड बोलत होते. ग्रंथपालांनी त्यांना वाचनालयाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, तेही एका संध्याकाळपुरतं. कार्यक्रम होऊन आठवडा उलटला तरी पाहुणे हलायचं नाव घेत नव्हते.

खोली ग्रंथपालांच्या बायकोची होती. शाळेच्या नाटकातला राजा, प्रधान आणि अख्खं सैन्य तिथे कापून पडलं होतं. शाळेचं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. शनिवारी कपडे वेळेवर पोचले, तर दरवर्षीचं काम तिचंच होणार होतं. पण मशीनचं चाक फिरलं रे फिरलं, की कवी कानांवर हात ठेवायचे.

"वहिनी, बंद करा तो खडखडाट. माझ्या मौनाला तडा जातो."

"मग सैन्य काय उघडंच लढवू?"

"मौनावरून आठवलं..." म्हणून ते जे सुरू व्हायचे, ते जेवायला हाक मारेपर्यंत.

भुकेवरच्या त्यांच्या कवितांनी म्हणे सभागृहं रडवली होती. इथे मात्र भाजी कालचीच दिसली की ताट सरकवायचे. आईवर तर त्यांनी अख्खा संग्रह लिहिला होता, पण त्याच आईचा फोन आला की म्हणायचे, "आंघोळीला गेलेत म्हणून सांगा." वहिनींचं डोकं फिरायचं बाकी होतं.

"अहो, सांगा ना त्यांना, आता निघा म्हणून!"

"अगं, एवढा मोठा कवी!"

"मोठा आहे ना? मग मोठ्या घरात जाऊ दे."

ग्रंथपालांनी वर्तमानपत्रात तोंड लपवलं. नवऱ्याच्या हातून काही होणार नाही हे दिसल्यावर वहिनींनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात होता आणि कविता करायचा. त्याने वही उघडली की घरातले लोक गच्चीवरचे कपडे आणायला पळत.

भाऊ आला, खाकरला आणि सुरू झाला.

"तुझ्या डोळ्यांची भिंगं जाड,
माझ्या प्रेमाचं वाळलं झाड!
तू नंबर बदलून येशील का?
मला स्पष्ट पाहून घेशील का?"

ग्रंथपालांनी डोळे मिटले. वहिनी आशेने कवींच्या बॅगेकडे बघत राहिल्या. कवी मात्र उठून बसले.

"वा! राहतोस कुठे?"

"दुकानाच्या वर. एकटाच असतो."

"स्वयंपाक?"

"मीच करतो. रोज ताजा."

"तुझ्यात आग आहे, पोरा! तुला घडवायला मला तुझ्याकडेच राहावं लागेल."

तासाभरात खोली रिकामी झाली. वहिनींना आनंदाने रडूच कोसळायचं बाकी होतं. त्यांनी खिडक्या उघडल्या, मशीनला तेल घातलं आणि राजाच्या अंगरख्याची पहिली बाही जोडली.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. भाऊ गादी खांद्यावर घेऊन उभा होता.

"ताई, खोली एकच आहे ना. मी घोरतो म्हणून त्यांना झोप लागेना. म्हणाले, काही दिवस बहिणीकडे जा, विरहातच कविता पिकते. आणि पिकली गं! ऐक."

तो तिथेच मशीनसमोर बसला. एक कविता झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर वहिनी ताडकन उठल्या आणि बाहेर जाऊन त्यांनी नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र ओढलं.

"अहो, तुमच्या त्या कवींना फोन लावा. आत्ताच्या आत्ता परत बोलवा."

"अगं, पण तूच तर..."

"त्यांना नुसते कान लागायचे हो, हातशिलाई तरी व्हायची. ह्याला दर ओळीला टाळ्या लागतात!"