पॉलिशला गेलेलं बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी फक्त एवढंच ठरवलं, की बाबांना इतक्यात काही सांगायचं नाही. (मी ऑफिसात आवक-जावक बघतो. आलेला कागद पुढे न पाठवता दाबून ठेवण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.)

सांगणार तरी कसं? आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा दिवसभर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसायचे. समोरच्या भिंतीवर आईनं डोकं टेकून टेकून तेलकट डाग पडला होता, त्याच्याकडे बघत. नवं गाव रेल्वेनं दीड दिवसावर. अशा माणसाला ‘घर कायमचं सोडायचंय’ हे सांगायला छाती लागते. माझी छाती बनियनच्या मापापुरतीच.

म्हणून म्हणालो, “बाबा, महिनाभर हवापालट करून येऊ.”

“बरं,” बाबा म्हणाले.

“अहो, सांगून टाका एकदाचं,” बायको रोज मागे लागायची.

“रविवारी सांगतो.”

असे पाच रविवार गेले आणि ट्रक दारात येऊन उभा राहिला.

आता महिनाभराच्या हवापालटाला कोणी कपाट नेतं का? हमालांनी ते उचललं तसं बाबांनी विचारलं, “हे कुठे?”

“पॉलिशला. आपण नाहीच आहोत, तर होऊन जाईल.”

“आणि पलंग?”

“सुताराकडे. करकरतो.”

“घड्याळ?”

“दुरुस्तीला.”

“चालतंय की!”

“हो, पण फार जोरात चालतं.”

मग बाबा खुर्चीवरून उठले आणि आपणहून बाजूला झाले. “ही?”

“वेत... नवा विणायला.”

त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटलं.

तेवढ्यात हमालांचा मुकादम वही घेऊन आला. “साहेब, नक्की काय कुठे पोचवायचं?”

बाबा शेजारीच उभे. मी आवाज चढवला. “किती वेळा सांगायचं? कपाट चौकातल्या पॉलिशवाल्याकडे, पलंग नि खुर्ची सुताराकडे, घड्याळ घड्याळजीकडे!” आणि मुकादमाला जोरात डोळा मारला.

मुकादमानं सगळं लिहून घेतलं. म्हणाला, “कचरा गेला असेल तर डोळा चोळू नका, साहेब. पाणी मारा.”

“त्याला कळलं ना?” बायकोनं हळूच विचारलं.

“शहाण्याला इशारा पुरतो.”

“तुमच्या दोघांत शहाणा कोण?” तिनं विचारलं.

निघताना बाबा भिंतीवरच्या त्या डागावर तळवा टेकून उभे होते. मी म्हणालो, “बाबा, गाडी चुकेल.” (त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.)

नवं घर दोन खोल्यांचं. चुन्याचा वास, आणि खोकलं तरी घुमायचं. दोन दिवस आम्ही चादरी अंथरून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. मुकादमानं मागचं फळकूट पाडलं. आत चार ट्रंका, भांड्यांची खोकी, एक बादली, आणि इकडून तिकडे लोळणारा खराटा.

“बाकीचं?” मी विचारलं.

“पोचवलं की! तुम्ही सांगितलं तसं, जिथल्या तिथं. पॉलिशवाला म्हणाला, आठ दिवसांनी या. घड्याळजी म्हणत होता, यात बिघाड काहीच नाही. मी म्हटलं, ठेव बाबा, साहेबांना जोरात वाटतं.”

बायको नुकत्याच उतरवलेल्या ट्रंकेवर बसली आणि तिनं पदरात तोंड घातलं. खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडतेय. जवळ गेलो तर हसत होती. मी जवळ गेल्यावर मात्र खरंच रडायला लागली.

आता थाप मारायला घरात सामानही उरलं नव्हतं. मी आतल्या खोलीत गेलो. बाबा मोकळ्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“बाबा, एक सांगायचंय. आपण परत जाणार नाही. घर सोडलंय.”

“माहीत आहे. घरमालक भेटला होता, पहिल्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीत?”

“वाट बघत होतो. आज सांगशील, उद्या सांगशील. खुर्ची उचलली तेव्हा तरी सांगशील असं वाटलं होतं.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “तुझ्या आईचा नीट निरोप घ्यायचा होता रे. पण हवापालटाला निघालेल्या माणसानं रडायचं कसं?”

बसावं म्हटलं तर बसायलाही काही नव्हतं. शेवटी मी बाहेर गेलो आणि सगळ्यात जड ट्रंक हमालाला हात लावू न देता स्वतःच्या पाठीवर घेतली. तेवढंच प्रायश्चित्त.

धापा टाकत उंबऱ्याशी आलो तर शेजारच्या बाई एक घडीची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या. त्यांनी बाबांना बसवलं, आत आलेल्या बायकोला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळल्या. धुळीनं माखलेला, घामेजलेला, पाठीत वाकलेला मी.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “उतरवून झालं की ट्रक जरा पुढे घ्या. आमचं फाटक अडलंय.”

मी आशेनं बायकोकडे पाहिलं. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागली.

“घेईल, घेईल,” बाबा खुर्चीत नीट टेकत म्हणाले. “माणूस कामाला बरा आहे. तोंडानं करायचं काम तेवढं सांगू नका.”