परतीची लोकर

सुमनताईंनी विणलेली कानटोपी भेट म्हणून मिळत नाही, वापरायला मिळते. होळी झाली की ती परत करायची. मग त्या ती उसवतात, लोकर धुतात आणि पुढच्या थंडीपर्यंत तिचं दुसऱ्याच कुणासाठी तरी काहीतरी विणतात. आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत हे सगळ्यांना पाठ आहे. या हिवाळ्यात माझ्या डोक्यावर जो हिरवा पट्टा होता, तो गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या जोशींच्या पायात होता. तेव्हापासून मला जोशींशी पूर्वीसारखं तोडून बोलता येत नाही.

सुमनताई टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायच्या. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायच्या आणि तोडायच्या. मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले, आणि खात्यानं ताईंना कागदांच्या टेबलावर बसवलं. आता निवृत्त होऊनही वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही. जिन्यात भेटल्यावर त्या आपलं शांतपणे ऐकून घेतात आणि अधेमध्येच म्हणतात, "तीन मिनिटं झाली." दार बंद. मी एकदा त्यांना माझ्या मूतखड्याबद्दल सांगत होतो. खडा अजून पडायचा होता.

त्या एकट्याच राहतात. लग्न का केलं नाही असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लाईन बिझी होती."

लोकर परत करायला गेलं की मात्र घड्याळ पाहायचं नसतं. उसवलेल्या धाग्याची लड करायला समोर माणूस लागतो. "हात पुढे करा," अशी आज्ञा होते. आपण बेड्या घालून घ्यायला निघाल्यासारखे दोन्ही हात पुढे धरायचे, त्यांवर त्या धागा गुंडाळत जाणार आणि विचारत राहणार. मुलीचं कुठे जमलं का? साहेब अजून छळतो का? तो खडा पडला का? हात अडकलेले असल्यामुळे उठता येत नाही.

"ताई, टोप्या स्वारगेटला ढिगानं मिळतात हो," मी एकदा वैतागून म्हणालो.

"मिळतात ना. घ्या. आधी हे धरा."

पुण्याची थंडी ती केवढी! दोन महिन्यांत आटोपते. पण मग आयटी आली, आणि ताईंचं काम बारमाही झालं. तिसऱ्या मजल्यावर कंपनीत जाणारी मुलं भाड्यानं राहायला आली. त्यांतला निखिल अमरावतीचा. तिथला उन्हाळा पचवलेला हा मुलगा ऐन मे महिन्यात ताईंच्या दारात येऊन म्हणाला, "काकू, ऑफिसात एसी असा करून ठेवतात ना, बोटं गारठून राहिले."

"गारठून राहिले नाही. गारठतात," ताई म्हणाल्या आणि सुया घेऊन बसल्या.

त्याला करड्या लोकरीची शाल मिळाली. ती ऑफिसच्या खुर्चीत अडकून तिचा धागा सुटायचा, म्हणून तो दर रविवारी दुरुस्तीला यायचा. आलाच आहे तर एखादी लड धरायचा आणि दुपारभर बोलत बसायचा. ताई त्याचं मराठी सुधारायच्या. त्याचं काही सुधारलं नाही, ताईंचं मात्र थोडं बिघडलं. एका रविवारी जिना उतरताना मला आतून हाक ऐकू आली, "अरे निखिल, चहा उतू जाऊन राहिला बघ!"

जानेवारीत त्याला बंगलोरला नोकरी लागली. घाईघाईत गेला, शाल बॅगेतच राहिली. "होळीला आणून देतो काकू," म्हणाला. होळी जवळ आली तशा ताई जिन्यात पाऊल वाजलं की दार किलकिलं करून बघायला लागल्या. मी दिसलो की "तुम्ही होय," म्हणून दार लावायच्या. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी बायकोला सांगितलं.

होळी झाल्यावर टोपी परत करायला गेलो, तर टेबलावर कुरियरचं फोडलेलं पाकीट. आत करडी शाल, ड्रायक्लीन करून नीट घडी घातलेली.

"वा! पोरगा शब्दाला जागला की," मी म्हणालो.

"शाल आली," ताई म्हणाल्या. "तो कुठे आला?"

मी हात पुढे केले. "द्या, मी धरतो."

"तुमचे हात तुमच्या टोपीला. हे त्याचं काम आहे." मग म्हणाल्या, "लोकर मला दुकानात हवी तेवढी मिळते हो. पण एकदा वस्तू देऊन टाकली की माणूस थँक्यू म्हणतो आणि मोकळा होतो. परत यायला काही कारणच उरत नाही."

"फोन तर करतो ना तो?"

"करतो. पण तीन मिनिटं झाली की मीच ठेवते. सवय मेली."

जिन्यातली ती बंद होणारी दारं मला आठवली. ताईंनी शाल पुन्हा पाकिटात भरली, चिकटपट्टी लावली आणि पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"तुमच्या ऑफिसखाली कुरियरवाला आहे ना? परत पाठवा त्याला. म्हणावं, काकू कुरियरनं घेत नाहीत. स्वतः आणून द्यायची आणि लड धरायला बसायचं."

"बरं. आणखी काही सांगू?"

ताईंनी माझ्या टोपीचं टोक सोडवलं, धागा माझ्या हातांवर घेतला आणि मान वर न करता म्हणाल्या, "सांगा, मी वाट पाहून राहिले."

मी काही सुधारलं नाही.