खंडेनवमीची उलटतपासणी

विद्याधर टिपणीस वकिलांच्या जीपने दुसरा गिअर घेताना पुन्हा कर्कश दात खाल्ले, तेव्हा अंधेरीच्या त्या शांत गल्लीतील तीन खिडक्या एकदम उघडल्या.

"धाकू," टिपणीस शेजारच्या आसनावरून गंभीरपणे म्हणाले, "दशरथ मिस्त्री चालवतो तेव्हा आवाज होत नाही. तू चालवतोस तेव्हा होतो. यातून काय निष्पन्न होते?"

"सायबानू, लढाईत मी असलीच जीप चार वर्सां चालवलंय. माझो हात..."

"आधी माझा मुद्दा पूर्ण होऊ दे."

आरे कॉलनीपलीकडच्या जमिनींच्या दाव्यांसाठी चिखलात उतरून पाहणी करावी लागे, म्हणून टिपणिसांनी लष्करी लिलावातून ही जीप घेतली होती. गिअर कुरकुरू लागताच त्यांनी प्रथम आरोप ठेवला तो पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या दांड्यावर. तो निर्दोष सुटला. मग तेल बदलले. आवाज बदलला नाही. शेवटी मरोळच्या दशरथ मिस्त्रीने दोनदा गाडीच्या तळाचा पत्रा काढून गिअरपेटी उघडली. एकही दाता झिजलेला नव्हता. त्याच्या अंगणात गाडी निमूटपणे चाले आणि घरी आली की दुसऱ्याच दिवशी केकाटे. शिल्लक राहिला तो धाकूच.

"ज्याचा दोष सिद्ध होईल, त्याने या गाडीतून कायमचे उतरावे," टिपणिसांनी घरी पोहोचताच जाहीर केले.

"अहो, ऐन दसऱ्यात माणसाच्या पोटावर पाय देता?" त्यांच्या पत्नी कुंदाबाई कळवळून म्हणाल्या. "खोली बघून ठेवलीय त्याने. बायकोला, शेवंतीला, गावाहून आणणार आहे बिचारा."

"म्हणूनच निकाल नवमीला लावतो. दसरा मोकळा राहील."

त्याप्रमाणे नवमीच्या सकाळी जीप मरोळला पोहोचली. दशरथ आंघोळ करून, गंध लावून बसला होता. समोर पाटावर पान्हे, हातोडे आणि पेचकस झेंडूखाली मांडलेले होते.

"वकीलसाहेब, आज काय नाय होणार. खंडेनवमी आहे. पान्ह्याला हात लावला तर वाट लागेल माझी."

"मग पत्रा कसा काढणार?"

"नायच काढणार. नुसती चालवून बघतो, चला."

दशरथने गाडी रस्त्यावर आणली, दुसरा गिअर टाकला, आणि जीप अशी किंचाळली की पिंपळावरचे कावळे उडाले. दशरथ ओशाळला. धाकूने आकाशाकडे पाहिले. टिपणिसांच्या चेहऱ्यावर, प्रमुख साक्षीदार फितूर झाल्यावर उमटते तशी छटा उमटली.

"माझ्या पायाखाली पण ओरडते? क्लच पुरता खाली जातच नाय हो!" दशरथ वाकला, पेडलखाली हात घातला आणि काथ्याची एक जाड, चौपदरी चटई उपसून बाहेर काढली. "ही कोणी कोंबली? मी पत्रा काढताना हिला बाजूला टाकतो, ही परत येते कशी?"

टिपणिसांनी घसा साफ केला. धाकूच्या पायांची माती पत्र्याला लागू नये, म्हणून ती चटई त्यांनी स्वहस्ते मापून, घडी घालून बसवली होती. दोन्ही दुरुस्त्यांनंतर पुन्हा बसवलीही होती.

"धाकू, तुला हे ठाऊक होते?"

"पयल्या दिसाकच सांगूक इलेलंय. तुमचो मुद्दो पुरो होवची वाट बघतंय."

दशरथने तोंड फिरवले. टिपणिसांनी कोट सारखा केला, टोपी नीट बसवली आणि जीपमधून खाली उतरले.

"बसा सायबानू, ऊन होतासा."

"निकाल मीच दिला आहे. तो माझ्यावरही बंधनकारक आहे."

"अवो, पण घर तीन मैल!"

"अंतराचा प्रश्न उपस्थित होत नाही."

अशा रीतीने टिपणीस वकील मरोळहून अंधेरीकडे चालू लागले. त्यांना एकटे सोडणे धाकूला बरे वाटेना. तो गाडी घेऊन त्यांच्या पाठोपाठ निघाला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहू लागले. कोणी नमस्कार केला, तो टिपणिसांनी यथोचित स्वीकारला. दुसऱ्या मैलावर धाकूने गाडी त्यांच्या बरोबरीला आणली.

"सायबानू, मग शेवंतीक येवक सांगू?"

"सांग," टिपणीस न थांबता म्हणाले. "आणि म्हणावे, चालक निर्दोष आहे."

दारात कुंदाबाई वाट पाहत होत्या. घामाने भिजलेल्या नवऱ्याकडे आणि मागून आलेल्या जीपमधल्या त्यांच्या रिकाम्या आसनाकडे पाहून त्यांना काही उमगेना.

"झाला का गिअर नीट?"

"सांगता येत नाही," टिपणीस पायरीवर टेकत म्हणाले. "मरोळपासून इथवर गाडी पहिल्याच गिअरमध्ये आली."