तळ्याचं झाकण

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं. त्यातलं पाणी उन्हात वाफ होऊन वर जायचं आणि पावसात परत यायचं. याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण कोणी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

त्या तळ्यात कोंडाबाई नावाची कासवीण राहायची. ती आणि तिचा नवरा रोज पहाटे एका दगडावर बसत. पाण्यावरून वाफ उठली की म्हातारा म्हणायचा, "निघालं बघ." पुढे कधीतरी पाठीवर थेंब पडला की कोंडाबाई म्हणायची, "आलं बघ." एवढंच त्यांचं बोलणं. गेल्या उन्हाळ्यात म्हातारा वारला. तेव्हापासून दोन्ही वाक्यं तीच म्हणायची.

एक दिवस कोल्हामंत्री सिंहाच्या कानाशी लागला. "महाराज, आपल्या तळ्याचं पाणी रोज वर पळतं. त्याचे ढग होतात आणि शेजारच्या जंगलात जाऊन पडतात!"

सिंह दचकला. "मग आपल्याकडे पाऊस पडतो तो कुठला?"

"तो वेगळा विषय आहे, महाराज."

कोल्ह्याने आकाशाचा नकाशा मांडला. हवेचे थर, एकावर एक. जंगलाची हद्द त्या सगळ्या थरांतून सरळ वर नेलेली. लगेच घारींचा पहारा बसला. ढग त्यांच्यामधूनच निघून गेले. वरच्या थरांत हवा इतकी विरळ की घारींना धाप लागली. तिथला बंदोबस्त कागदावरच करण्यात आला.

मग ठरलं, तळंच झाकायचं. माकडांनी सागाची पानं शिवून भलंमोठं झाकण केलं.

कोंडाबाई मंत्र्याकडे गेली. "साहेब, गेलं तर परत येतं. जाऊच दिलं नाही, तर येणार काय?"

"आजी, तुमचं शिक्षण किती?"

"नव्वद पावसाळे."

"म्हणजे प्रमाणपत्र नाही."

झाकण बसलं. कोंडाबाईचा दगडही त्याखाली गेला.

शेजाऱ्यांनी हे ऐकलं आणि आठवड्याभरात आपलंही तळं झाकलं. पावसाळ्याचा महिना आला. आकाश पुसल्यासारखं कोरं. "एकही ढग पळाला नाही!" कोल्ह्याने जाहीर केलं. प्राण्यांनी कोरड्या तोंडाने जयजयकार केला. झाकणाखाली मासे उलटे तरंगू लागले. सिंहाने पाण्याला तोंड लावलं आणि मागे सरला.

"वास येतोय रे."

"आपलाच आहे, महाराज."

एका पहाटे कोंडाबाईने दगडावर चढून पाठीने झाकण ढकललं. टाका उसवला. तळहाताएवढी फट पडली आणि तिच्यातून वाफेची बारीक रेघ वर गेली.

"निघालं बघ," ती म्हणाली.

पहाऱ्यावरच्या रानडुकराने ते ऐकलं. दरबार भरला.

"कोणाला सांगत होतीस?" सिंहाने विचारलं.

"आमच्या ह्यांना."

"कुठे आहेत ते?"

"वारले, महाराज. गेल्या उन्हाळ्यात."

कोल्ह्याने लेखनिकाला खूण केली. "साथीदार, एक. फरार."

कोंडाबाईला हद्दपार करण्यात आलं. फट दुहेरी शिवण्यात आली.

कासवीणच ती. हद्द गाठायला तिला नऊ दिवस लागले. मागे रानडुक्कर जांभया देत चालत होतं. हद्दीचा दगड आला. कोंडाबाईने पुढचे पाय पलीकडे टाकले. मागचे अजून अलीकडेच होते. तेवढ्यात पाठीच्या बरोबर मध्यावर टप्पकन थेंब पडला. एकच.

ती थांबली. शेजारच्या रिकाम्या जागेकडे मान वळवून हळूच म्हणाली, "आलं बघ."

रानडुकराने वर पाहिलं. बोराएवढा ढग होता, तोही विरत होता. त्याने अहवालात लिहिलं: 'थेंब एक. मालकी वादग्रस्त.' मग नियमाप्रमाणे तिच्या पाठीवरचा थेंब पुसून टाकला.

तात्पर्य: मुलांनो, आपलं जे असेल ते घट्ट झाकून ठेवावं. ते नासेल, पण शेजाऱ्याला मिळणार नाही. आणि तहानेपेक्षा हे समाधान जास्त टिकतं.